जाळीवरची दुपटी

श्रावणातली सकाळ. कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती, हे दाढीच्या गरम पाण्यासाठी हाका मारत होते आणि मी नासलेल्या दुधाचं पातेलं हातात घेऊन उभी होते. साखर घालून आटवावं की सरळ मोरीत ओतावं, ठरत नव्हतं. तेवढ्यात दार वाजलं.

दारात फ्रीज दुरुस्त करणारा पुंजाराम होता. चार दिवस येतो येतो म्हणत होता.

"आज उजाडलं का तुमचं?" मी म्हटलं.

"वहिनी, दुपारी आलो तर तुम्ही म्हणणार, झोपमोड केलीत. म्हणून सकाळी आलो."

मागे मोरीत ठमाबाई भांडी घासत होत्या. माणसाचा आवाज आला आणि भांड्यांचा आवाज थांबला. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

ही अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. गंगापूर रोडला आमची कॉलनी नवी होती, मागे अजून पेरूच्या बागा होत्या. बदली झालेल्या एका ऑफिसरांचा फ्रीज ह्यांनी जुना म्हणून घेतला होता. तो पुढच्या खोलीत, भिंतीला पाठ लावून, डोक्यावर मी विणलेला क्रोशाचा रुमाल घेऊन उभा असे. आठवडाभर तो नीट गार होत नव्हता. बर्फ धरत नव्हता, लोण्याचं पाणी झालं होतं. मला जे सुचलं ते सगळं मी करून पाहिलं. बटण शेवटच्या आकड्यावर नेलं. आतलं सगळं काढून पुसून घेतलं. दाराचं रबर साबणाने धुतलं आणि वर्तमानपत्राचा कपटा दारात धरून चारही बाजूंनी ओढून पाहिला. कुठेच सैल लागला नाही. मोटर मात्र दिवसभर घरघरत होती.

पुंजारामने फ्रीज भिंतीपासून ओढला, मागे डोकावला आणि हसायला लागला.

"वहिनी, घरात बाळंतीण आहे का कुणी?"

फ्रीजच्या पाठीला जी काळी जाळी असते, तिच्यावर तीन लंगोट, एक टोपडं आणि घडी घातलेलं एक दुपटं नीट पसरून ठेवलं होतं. आमच्या घरात तान्हं मूल नव्हतं. मी दुपट्याला हात लावला. ते मऊ होतं आणि छान गरम होतं.

"माझं हाय ते," मागून आवाज आला. ठमाबाई राखेचे हात तसेच पुढे धरून उभ्या होत्या.

ठमाबाई तीन वर्षं आमच्याकडे कामाला होत्या. उंच, काटक बाई. बोलणं थोडं, पण बोलल्या की समोरच्याला गप्प करणारं. इगतपुरीच्या खालच्या अंगाचं त्यांचं गाव. नवरा सावळीराम रेल्वेच्या गँगमध्ये होता. तो छातीच्या दुखण्याने गेल्यावर त्या लेकीला घेऊन नाशिकला आल्या आणि नाल्याकाठच्या वस्तीत पत्र्याची खोली करून राहिल्या. लेकीचं नाव नवसा. नवसाच्या आधीची दोन मुलं त्यांनी घालवली होती, दोन्ही पावसाळ्यातली. हे त्यांनी मला एकदा तांदूळ निवडताना सांगितलं होतं, खडे बाजूला टाकावेत तसं, मान वर न करता.

"आमच्याकडं चार महिने काही वाळत नाय, ताई. भिंत ओली, वाकळ ओली. निखाऱ्यावर डालं पालथं घालायचं अन् त्याच्यावर पोराचे कपडे टाकायचे. लाकडं ओली, म्हणून धूर. धुरानं पोर खोकायचं. धूर नको म्हणून ओल्यात ठेवलं तर गारठायचं. नवसा चैतात झाली. उन्हाळ्याची झाली म्हणून राहिली."

ती नवसा बाळंतपणाला आली होती आणि आठव्या महिन्यातच बाळंत झाली होती. मुलगा. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी घरी पाठवताना एकच सांगितलं होतं: ह्याला कोरडं आणि उबेत ठेवा. हे सगळं त्या सकाळी, पुंजारामसमोर, फ्रीजच्या मागे उभं राहून मला कळलं.

"मला सांगायचं नाही का, ठमाबाई?"

"काय सांगू? तुमच्या थंड पेटीला पाठीमागून ऊब येती, ती घेते, असं? झाडताना हात लागला. म्हटलं, हिला धूर नाय, ठिणगी नाय. सकाळी पिळून टाकायची, दुपारच्याला पदराखाली घेऊन जायची. घरी जाईपर्यंत कोमट राहत्यात."

पुंजाराम हातातला पाना खाली ठेवून म्हणाला, "मावशी, आतली उष्णता या जाळीतून बाहेर पडते. तुम्ही तिच्यावर कपडे टाकता, मग ती पडणार कुठून? म्हणून आत गार होत नाही." मग माझ्याकडे वळून, "बाकी काही बिघाड नाही, वहिनी. हे कपडे काढा, संध्याकाळपर्यंत बर्फ."

ठमाबाईंनी कपडे गोळा करायला हात पुढे केला. तो राखेचा आहे हे लक्षात येऊन मागे घेतला.

"राहू द्या," मी म्हटलं.

पुंजाराम जायला निघाला तेव्हा ठमाबाईंनी त्याला विचारलं, "भाऊ, ही जास्त कधी तापती?"

"आत गरम काही ठेवलं की. मग मोटरला काम पडतं." तो हसला. "पण तसं करू नका, वहिनींचा फ्रीज आहे."

मी ठमाबाईंना म्हटलं, नवसाला आणि बाळाला इकडेच घेऊन या, मागची खोली रिकामी आहे. त्या म्हणाल्या, "सव्वा महिना बाळंतीण उंबरा ओलांडत नाय, ताई. अन् असल्या पावसात मूठभर पोराला बाहेर काढू कसं?" मी इस्त्री पुढे केली. वस्तीत वीज नव्हती. इथे इस्त्री फिरवली की दुपटं वाळे, पण घडी घालेपर्यंत गार होई.

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. "मग फ्रीज घेतला कशाला? मागे मांडव घालायला?" असं म्हणून हे पेपर वाचत बसले. थोड्या वेळाने उठले, फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे घेतला आणि मागे जाळीच्या जरा वर एक सुतळी बांधली. कपडे जाळीवर न पडता तिच्यासमोर लटकत राहतील अशी. सकाळी ठमाबाईंनी ती सुतळी पाहिली आणि ओढून बघितली.

"साहेबांना कामं येत्यात म्हणायची," त्या म्हणाल्या.

मग आमच्या घरात एक उलटाच प्रकार सुरू झाला. गरम वस्तू फ्रीजमध्ये ठेवू नका म्हणून मी दोन वर्षं सगळ्यांच्या मागे लागले होते. आता ठमाबाई यायच्या सुमाराला मीच कढत पाण्याचं पातेलं आत ठेवू लागले. मोटर चालू होई, जाळी तापे. दूध मी दिवसातून तीनदा उकळत होते, लोणी रोज कढवत होते. हे ताकाचा पेला तोंडाला लावत म्हणायचे, "आज फ्रीजातलं ताक गरम की थंड?"

ठमाबाई बाळाला पाव्हणा म्हणायच्या. बारसं झालं नव्हतं. आल्या की मी विचारायची, "पाव्हणा काय म्हणतो?"

"पाव्हण्यानं आज आवाज काढला. शेजारच्या रंगूबाईला ऐकू गेला. ती म्हणत होती ना, आठव्यातलं टिकत नाय. म्हटलं, ऐक आता."

दुसऱ्या दिवशी, "चोखतंय बरं का. दमतंय, पण चोखतंय."

एकदा कपडे पदराखाली घेताना त्यांनी दुपटं आधी माझ्या गालाला लावलं. त्यांच्याच जुन्या लुगड्याचं होतं ते, जांभळ्या काठाचं. धुऊन धुऊन काठ फिका पडला होता.

मग पोळ्याच्या आदल्या दिवशी वारा सुटला. आमच्या रस्त्यावरचं गुलमोहराचं झाड तारांवर पडलं आणि वीज गेली. संध्याकाळपर्यंत येईल म्हणत होते. नाही आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ठमाबाई आल्या, सुतळीवर कपडे टाकले आणि जाळीवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या.

"गार हाय," त्या म्हणाल्या.

मी शेगडी पेटवली, डबा पालथा घातला, त्याच्यावर दुपटी धरली. एकाला डाग पडला, दुसरं धुरकट झालं. ह्यांच्या लोकरी मफलरमध्ये गुंडाळून गरम पाण्याची बाटली दिली. त्या दिवशी त्या भांडी न घासताच गेल्या, मीच जा म्हटलं. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. हे वीज मंडळाच्या ऑफिसात जाऊन आले. माणसं लावली आहेत, असं कळलं.

वीज त्या रात्री आली. फ्रीज घरघरायला लागला तसं मी उठून मागे हात लावून पाहिला. सकाळी लवकर पाणी उकळलं, पातेलं आत ठेवलं, फ्रीज आणखी थोडा पुढे घेतला. जाळी चांगली तापली होती.

ठमाबाई नेहमी मागच्या दाराने येत. ते आम्ही उघडंच ठेवायचो. त्या दिवशी पुढचं दार वाजलं.

दार उघडलं तर पायरीखाली, पावसात, ठमाबाई. डोक्यावर पोतं. हातात पिळा केलेलं जांभळ्या काठाचं दुपटं.

"अहो, वीज आली रात्रीच," मी म्हटलं. "मागून यायचं ना. या आत, जाळी बघा कशी तापलीय."

त्या आत आल्या नाहीत. पायरीवर पाऊलसुद्धा टाकलं नाही. मी हात धरायला पुढे झाले तशा दोन पावलं मागे सरल्या.

"शिवू नका, ताई. सुतक हाय."

आत कुकरची शिट्टी झाली. ह्यांनी आतून विचारलं, कोण आहे.

ठमाबाईंनी दुपटं पायरीवर ठेवलं. मी ते उचलावं म्हणून त्या थोड्या बाजूला झाल्या.

"एवढं एक वाळवून द्या," त्या म्हणाल्या. "ओल्यात नाय ठेवायचा मला त्याला. मी हितंच थांबते."