लोणाऱ्यांचा पासष्टीचा नियम

येत्या वर्षात आपण जाणार, हे देवराव लोणारे यांनी ठरवून टाकलं होतं. तसा आजार काही नव्हता. खोकला नाही, साखर नाही, दोन भाकरी आणि वर ठेचा बिनतक्रार पचत होता. पण लोणाऱ्यांच्या घरातला पुरुष पासष्टावं वर्ष ओलांडत नाही, असा नियमच होता. आजा पासष्टाव्या वर्षी गेला. बाप रामाजी पासष्टला गेला. काका बळीराम, तोही पासष्टलाच. आणि येत्या एक जानेवारीला देवरावांना पासष्ट लागणार होतं. यात रडण्यासारखं काय आहे, असं ते सगळ्यांना विचारत. नंदनवन वस्तीच्या मागच्या गल्लीत त्यांना उत्तर द्यायला कोणी बसलेलं नव्हतं.

गोपिकाबाई, म्हणजे त्यांची बायको, रडत नव्हत्या, पण दातओठ खात होत्या. कारण होतं देवरावांचे डोळे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. कळमन्याच्या बाजारात देवरावांनी उभी हयात हमाली केली. पाठ कुरकुरायला लागल्यावर तिथेच ते मिरचीची आणि धान्याची पोती शिवायला बसले. हातात दाभण, मांडीवर सुतळीचं बंडल, की दिवस कसा जायचा ते कळत नसे. पण गेल्या उन्हाळ्यापासून टाके वाकडे पडायला लागले. दाभण बोटात घुसलं. एकदा तर शिवलेलं पोतं उचलताक्षणी उसवलं आणि लाल मिरची रस्ताभर झाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की आणखी थांबलात तर डोळा हातचा जाईल, मग आम्हीही काही करू शकणार नाही. शिबिरात ऑपरेशन फुकट होणार होतं. मुलगा प्रशिक रजा काढून न्यायला तयार होता. जागचे हलत नव्हते ते फक्त देवराव.

"सा महिने, लय झालं तर साल," ते म्हणायचे. "तेवढ्यासाठी डोळा काहून फाडून घ्यू? पाडाच्या घराले कोणी चुना लावते काय?"

"आन तेवढं सालभर आंधळे होऊन बसान, तर हात धरून नेईन कोण?" गोपिकाबाई विचारत. "मीच ना?"

 मग देवराव विडीचं निमित्त करून बाहेर जाऊन बसत. विडी त्यांनी कधीच सोडली होती, पण निमित्त सोडलं नव्हतं.

डिसेंबरात गल्लीत भूमिका नावाची एक तिशीतली बाई यायला लागली. माणसं किती वर्षं जगतात आणि जगतात तेव्हा किती धडधाकट असतात, याचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेची ती माणूस. विमा आणि पेन्शनचे आकडे बसवणाऱ्या लोकांना ही माहिती लागते, असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. मरणाचा हिशोब करणं हा कोणाचा तरी पोटापाण्याचा धंदा असू शकतो, हे ऐकून देवराव इतके खूश झाले, की तिच्यासाठी त्यांनी स्वतः उठून खुर्ची आणली.

मग त्यांची परीक्षा झाली. हात न टेकता खुर्चीवरून उठा, बसा, पुन्हा उठा. भिंतीपासून दारापर्यंत नेहमीच्या चालीने चाला. शेवटी तिने एक मूठ दाबायचं यंत्र त्यांच्या हातात दिलं. देवरावांनी ते असं आवळलं, की भूमिकाने काटा पाहिला, मग देवरावांकडे पाहिलं आणि परत काटा पाहिला.

"काकाजी, ही तर तरण्या माणसाची पकड आहे!"

"पोती उचलली ना वं पोरी. हाताले काय मालूम, घर पडाले आलं म्हून?" असं म्हणून त्यांनी तिला सगळा नियम ऐकवला. आजा, बाप, काका.

दुसरी कोणी असती तर 'असं बोलू नये' म्हणून मोकळी झाली असती. भूमिका मात्र पुढे सरकून बसली. "तिघंही पासष्टलाच? ना चौसष्ट, ना सहासष्ट?"

"पासष्ट म्हंजे पासष्ट."

"मग एक गंमत सांगते. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांची जी वयं गोळा होतात ना, त्यात साठचे ढीगभर, पासष्टचे ढीगभर, सत्तरचे ढीगभर. त्रेसष्टचा माणूस दिवा घेऊन शोधावा लागतो. आता त्रेसष्टाव्या वर्षी कोणी जगत नाही की मरत नाही? पण वय माहीत नसलं की लोक आकडा गोल करतात."

देवरावांनी मान हलवली, पण गोष्ट डोक्यात शिरली नव्हती. त्यांना दुसरंच काही विचारायचं होतं. पेपरात आलं होतं म्हणे, की आपल्याकडचा माणूस सरासरी सत्तरच्या आसपास जगतो. म्हणजे ज्याची सत्तरी आली, त्याने बोचकं बांधून ठेवायचं काय?

"नाही हो! त्या सरासरीत पाळण्यात गेलेली लेकरंही धरलेली असतात, ती आकडा खाली ओढतात. जो साठीपर्यंत पोचला, तो सरासरीने आणखी सतरा-अठरा वर्षं काढतो. आमचं कोडं वेगळंच आहे. ही वाढलेली वर्षं माणूस पायावर काढतो की खाटेवर?"

"ऐका," गोपिकाबाई आतून म्हणाल्या. "खाटेवर की पायावर."

भूमिकाने मग तिचा ठरलेला प्रश्न टाकला. ज्यांची जन्मतारीख पक्की नसते, त्यांना ती नेहमी हाच प्रश्न विचारी. लहानपणीची पहिली मोठी आठवण कोणती?

देवरावांचा चेहरा फुलला. हा प्रश्न तर त्यांच्या हक्काचा होता. "धम्मदीक्षेची! छप्पनची. बाच्या खांद्यावर होतो मी. जिकडं पाहा तिकडं पांढरं लुगडं, पांढरा सदरा, माणूसच माणूस. मले लागली तहान. मी भोकाड पसरलं. तर कोण्या अनोळखी बाईच्या लोट्यातलं पाणी मले पाजलं. त्या दिवशी कोणी कोणाले इचारलं नाई, का लोटा कोणाचा हाय आन पेणारा कोण." 

भूमिकाचा पेन थांबला. "काकाजी, तुमच्या आधार कार्डावर जन्म एकसष्टचा आहे."

"हाव."

"आणि दीक्षा छप्पनची."

गल्लीतल्या शेंबड्या पोरापासून सगळ्यांना ही गोष्ट तोंडपाठ होती. दरवर्षी दीक्षाभूमीवर जाताना देवराव ती सांगत आणि लोक भक्तिभावाने ऐकत. पण इतक्या वर्षांत वजाबाकी करायचं मात्र कोणाच्याही मनात आलं नव्हतं. पहिल्यांदा हसू फुटलं ते गोपिकाबाईंना.

"पन्नास सांगतलं व्हतं यायनं, अकराच्या साली कार्ड काढाले गेले तवा!" पदर तोंडाला लावून त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, प्रशिकच्या लग्नात बी तुमी पन्नासचेच व्हते. त्याले पाच सालं झाली. तर म्हणते कसे, पन्नास बराबर बसते!"

म्हणून तर त्या गल्लीत निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एक जानेवारीला येतो. तारीख माहीत नाही, तर वर्षाची पहिली घाला. वर्ष माहीत नाही, तर गोल वय सांगा. त्या दिवशी बँकेचे शुभेच्छांचे मेसेज एकदमच येतात आणि सगळ्यांचे फोन एका सुरात किणकिणतात.

देवराव मात्र हसले नाहीत. ते बोटं मोजत होते. "म्हंजे मी सत्तरच्या वर हाओ? पासष्ट कवाच होऊन गेलं? आन मले मालूमच नाई?" मग त्यांच्यातला भांडखोर जागा झाला. "हट! मी ते आयकलं असन. घरात सांगत असन कोणी, मले वाटलं मीच पाह्यलं."

"असंही होतं," भूमिकाने मान्य केलं. "त्या दिवशी तुमच्यासोबत असलेलं दुसरं कोणी आहे का?"

होतं. त्यांची थोरली बहीण इंदुताई. ती वाडी नावाच्या उपनगरात राहायची, तिच्या मुलाचं ट्रान्सपोर्टचं काम होतं. रविवारी प्रशिकने बापाला मोटारसायकलवर मागे बसवलं आणि शहर या टोकाहून त्या टोकाला पार करून अमरावती रोडला आणलं. रस्ताभर ट्रकांच्या गर्दीतून देवराव एकच गोष्ट घोकत होते. पासष्ट गेलं असेल तर नियम खोटा की आपण चुकून राहून गेलो? त्यांना भीती वाटत होती आणि गंमतही वाटत होती, आणि दोन्हींत जास्त काय, ते त्यांनाच कळत नव्हतं.

इंदुताई अंगणात उन्हाला बसली होती. जयभीम झालं, चहा झाला. मग देवरावांनी विचारलं, "ताई, दीक्षेले मी होतो काय वं? का नुसतं आयकलं?"

"होता म्हंजे? चार सालाचा होता, चांगला धोंड्यावाणी जड. बाच्या खांद्यावर बसून त्याचे केस उपटून राहिला होता. पाण्यासाठी बोंबलला, तर त्या बाईकडून लोटा मीच मांगून आणला. तुले बाई आठवते, बहीण नाई आठवत."

 प्रशिकने मनातल्या मनात हिशोब केला आणि हसत म्हणाला, "बाबा, त्र्याहत्तर. नियम तुमच्याजवळून निंघून गेला, तुमी झोपेत होते." मग त्याला राहवेना. "आत्या, मंग आजोबा पासष्टचे होते, हे तरी खरं हाय काय?"

"कोण म्हणते पासष्ट?"

"सगळेच म्हणतात."

इंदुताईने कप खाली ठेवला. "हे पाहा. मी झाली तवा तुया आजोबाले मिसरूड बी धड फुटली नोती. माय हसून सांगे. अठराचा असन, नाई तर एकोणीसचा. दीक्षेले मी दहाची. आन बा गेला आणीबाणीच्या साली. तूच मोज, शिकला हाय तू."

प्रशिकने मोजलं. पुन्हा मोजलं. मग हळू आवाजात म्हणाला, "सत्तेचाळीस. लय ताणलं तरी पन्नास नाई होत."

"मंग पासष्ट कुठून आलं?" देवराव जवळजवळ ओरडले.

"मसणघाटावर कोणीतरी वय इचारलं. बळीरामकाकानं बाच्या तोंडाकडं पाह्यलं आन सांगतलं, पासष्ट. तोंड तसंच झालं होतं त्याचं. गिरणीतली धूळ खाऊन खाऊन छाती गेली, दात गेले, केस पांढरे फटक. पाहणारा दुसरं काय सांगन?"

काका बळीराम गेला, तेव्हा घाटावर वय विचारलं होतं ते देवरावांना. बापासारखाच दिसत होता, म्हणून त्यांनीही पासष्टच सांगितलं होतं. आजाला तर पाहिलेलंही आता कोणी उरलं नव्हतं. म्हणजे नियम बियम काही नव्हता. थकलेल्या माणसांचे चेहरे होते, आणि त्यांच्याकडे पाहून सांगितलेला एक गोल आकडा होता.

देवरावांना हायसं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. बाप गेला तेव्हा ते विशीत होते आणि म्हातारा आपलं आयुष्य पुरं करून गेला, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. त्या समजुतीवर त्यांनी पन्नास वर्षं काढली. बाप फक्त दिसायला म्हातारा होता. प्रत्यक्षात तो तरणा माणूस होता आणि त्याच्या वाट्याची पंचवीस-तीस वर्षं कोणीतरी खाऊन टाकली होती. आणि त्याच्या मुलाने, घरच्या बाकीच्यांनी, त्याच्यासाठी साधी हळहळसुद्धा केली नाही. देवरावांना एकदम रडू फुटलं. बहिणीसमोर, मुलासमोर, भर उन्हात ते लहान पोरासारखे रडले. इंदुताईने त्यांना रडू दिलं.

बऱ्याच वेळाने त्यांनी तोंड पुसलं. "प्रशिक, तू केवढा गा आता?"

"पंचेचाळीस, बाबा."

"इकडं ये. उजेडाकडं तोंड कर."

प्रशिक त्यांच्यापुढे उकिडवा बसला. देवरावांनी दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला आणि अगदी जवळ आणला. पांढुरकं धुकं, त्यात काहीतरी काळं, काहीतरी हलणारं. अंगठ्याने त्यांनी त्याचं कपाळ चाचपलं, गाल चाचपले.

"केस काळे हायेत?"

"हाव. कानाजवळ जरासे पांढरे."

"दात?"

"सगळे हायेत, बाबा."

देवरावांनी हात काढले नाहीत. "ते शिबिर कवा हाय म्हणत होता तू?"

"बुधवारी. काहून?"

"माया बा केवढा होता," देवराव म्हणाले, "ते मले एकदा नीट पाहाचं हाय."