बांधाबाहेरची येळवस

नांदेडच्या स्टेशनावर गाडी यायच्या आधी माझी आई आणि माझा नवरा यांच्यात जो सामना रंगला, तो बघायला हमालसुद्धा ओझं खाली ठेवून उभे राहिले होते. सामना होता एका बॅगेवरून. विमानात किती वजन चालतं ते नवऱ्यानं भुसार दुकानाच्या काट्यावर बॅग ठेवून चोख मोजून आणलं होतं. आईनं स्टेशनावर आल्या आल्या त्याच बॅगेची चेन उघडली आणि आत येसर मसाल्याची पुडी, शेंगदाण्याची चटणी, फडक्यात बांधलेले धपाटे आणि ज्वारीच्या पिठाची भरगच्च पिशवी कोंबायला सुरुवात केली. नवरा एक वस्तू बाहेर काढायचा, आई दोन आत घालायची. बाबा बाकड्यावर बसून तंबाखू मळत होते. ते एवढंच म्हणाले, "पावनं, घराएवढं इमान हाय म्हन्ता, आन पिशवीभर पीठ जड होतंय व्हय त्याला?"

पीठ गेलं. नवऱ्याचे दोन शर्ट मागं राहिले. गाडी हलली तशी आई खिडकीला धरून चालत म्हणाली, "तिकडं उपाशी ऱ्हाऊ नको. आन बरफ पडला तर बाहेर निगू नको." मी हसले, आणि पूर्णा स्टेशन येईपर्यंत रडले.

बर्फ पडला की बाहेर निघायचं नाही हे आईचं मी ऐकलं असतं, तर कॅनडातल्या या एडमंटन गावाला माझं तोंड अर्धं वर्ष दिसलं नसतं. तुम्ही जे शिरूर अनंतपाळला, लातूरला, नांदेडला मागं राहिलात, तुम्हाला खोटं वाटेल, पण इथं आम्ही गाडीलाही विजेची वायर लावून झोपवतो, नाहीतर सकाळी ती उठत नाही. आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात, तुम्हाला सांगायची गरज नाही. पहिल्या हिवाळ्यात मी आईचं पीठ चहाच्या चमच्यानं काढायचे. भाकरी थापायची ती तळहाताएवढी. नवरा म्हणायचा, ही भाकरी आहे का भाकरीचा फोटो?

पुढं एका मोठ्या दुकानाच्या बेकरीत मला काम मिळालं. जिच्या माहेरी भट्टी म्हटलं की विटांची, ती बाई पांढरी टोपी घालून पाव भाजायला लागली. मी ते काम अशा थाटात केलं की जणू माझ्या आज्यानंच पावाचा शोध लावला होता. पण त्या पावाचं कौतुक सांगायला कुणी नव्हतं. म्हणून फोनवर तो ग्रुप सापडला तेव्हा मी त्यात अक्षरशः उडी मारली.

ग्रुप आपल्या भागातल्या बायकांचा. कुणी नांदेडला, कुणी पुण्यात, कुणी दुबईत, एक मी बर्फात. रोज जे घरी शिजलं त्याचा फोटो टाकायचा. नियम एकच, आणि तो कडक: आधी करपलेलं दाखवायचं, मग चांगलं. फसलेला फोटो नसेल तर बाकीच्या विश्वास ठेवत नाहीत. या नियमामुळं आमच्यात जी माया झाली ती सख्ख्या नात्यात दिसत नाही. ज्या बाईचा खाली बसलेला केक तुम्ही पाहिलाय, तिच्यापुढं काय लपवणार?

त्यातली संगीता मला सगळ्यात जवळची. मूळची अर्धापूरची, केळीच्या बागायतदारांची लेक, दिलेली नांदेडात. कुकरच्या तळाला मीठ पसरून त्यावर असा केक भाजते की माझ्या दुकानातल्या मशीननं मान खाली घालावी. दोष एकच. ती कशातही केळं घालते. केकात तर घालतेच, थालिपिठातही घालते. एकदा वरणात घालून फोटो टाकला तेव्हा ग्रुपवर दिवसभर सुतक होतं. आम्ही दोघी कधी भेटलो नव्हतो.

आता येळवशीबद्दल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या लातूरकडं थंडीतल्या एका अमावस्येला सगळं गाव घराला कुलूप लावून शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करतात, आत पांडव म्हणून दगड मांडतात, पूजा होते आणि मग जेवण. हिरव्या तुरीच्या, हरभऱ्याच्या, वालाच्या दाण्यांची पीठ लावून केलेली भज्जी, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे आणि मडक्यातली आंबील. ज्वारीचं पीठ ताकात शिजवून आंबवायचं, वर लसूण-जिऱ्याचं वाटण. त्या दिवशी सडकेनं जाणाऱ्या माणसाला हाक मारायची, ओळख असो नसो. आणि हाक आली की जावं लागतं.

माझी आई या हाकेसाठी प्रसिद्ध होती. कमरेवर हात ठेवून बांधावर उभी राहायची आणि "या वो, जेवायला या" अशी आरोळी ठोकायची की सायकलवाला दचकून पडायचा. त्यालाही उचलून जेवू घालायची. बाबा म्हणायचे, हिला जेवणारी माणसं नाही मिळाली तर ही बुजगावण्याला वाढील.

बाबा गेले. बालाजी, माझा भाऊ, लातूरला नोकरीत. कसायला कुणी नाही, म्हणून सगळ्यांच्या विचारानं शेत विकलं आणि आईला त्यानं तिसऱ्या मजल्यावर आणलं. भाऊ चांगला आहे, वहिनी चांगली आहे, खिडकीला जाळी आहे. पण पहिली येळवस आली, सगळं लातूर रिकामं झालं, आणि आई पलंगावर भिंतीकडं तोंड करून बसली. बालाजीच्या मित्रांनी त्यांच्या शेतात बोलावलं होतं. ती गेली नाही. फोनवर मला म्हणाली, "जन्मभर लोकायला हाका मारमारून जेवू घातलं. आता दुसऱ्याच्या बांधावर जाऊन पत्रावळ धरू का?" त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. आणि मग इतर दिवशीही तिचं खाणं कमी कमी होत गेलं. बालाजीनं यंदा फोनवर दाखवली, तर चोळीच्या बाह्या दंडावर सैल लोंबत होत्या.

मी ग्रुपवर लिहिलं. आधी करपलेलं दाखवायचं, म्हणून हे लिहिलं. सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. संगीतानं आवाज पाठवला: "ताई, आमच्याकडं केळी हाय, येळवस न्हाई. पण तुमची आई उपाशी बसून राहिली अन् मी इथं केक भाजून राहिले, हे बरं न्हाई दिसत. मी आंबील घेऊन चालले लातूरला."

आंबील तिनं मी ग्रुपवर टाकलेल्या कृतीनं केली. आणि इथं घोटाळा झाला. मी ती कृती एडमंटनमध्ये बसून लिहिलेली. इथल्या गारठ्यात आंबील आंबता आंबत नाही. म्हणून मी ती घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, ओव्हनचा नुसता दिवा लावून आत ठेवते. कृतीत मी लिहिलं होतं, झाकण गच्च लावा. संगीतानं आज्ञाधारकपणे स्टीलच्या कॅनचं झाकण गच्च लावलं, कॅन मांडीवर घेतला आणि येळवशीच्या आदल्या दिवशी बसमध्ये उन्हाच्या खिडकीशी बसून नांदेडहून निघाली. अहमदपूरच्या अलीकडं, एका गतिरोधकावर, ते झाकण उडालं ते थेट बसच्या टपाला जाऊन लागलं.

तिनं तिथूनच मला आवाज पाठवला. मागं सगळी बस कलकलत होती. एक म्हातारा विचारत होता, "बाई, माझ्या टोपीवर हे काय सांडलं म्हनावं?" संगीता म्हणाली, "आंबील हाय मामा, येळवशीची." म्हाताऱ्यानं टोपी काढून हुंगली. मग म्हणाला, "मग टोपीत कशाला, वाटीत तर द्या की."

लातूरच्या घरात ती शिरली ती आंबट ताकाचा वास घेऊन, हातात रिकामा कॅन. आईनं आत वाकून पाहिलं.

"झाकन लावायला कुनी शिकीवलं तुला?"

"तुमच्या लेकीनं."

"तिला काय कळतंय. ती बरफात ऱ्हाती. आंबिलीला फडकं बांधावं लागतं, तिला दम घ्यायचा असतो." आणि आई उठली. वहिनी सांगते, तशी ती कित्येक महिन्यांत उठली नव्हती. तिनं संध्याकाळी नवी आंबील घातली, सकाळी भज्जी केली, संगीताला उंडे वळायला बसवलं आणि तिचे उंडे बघून म्हणाली, "हे काय, केळीएवढे लांब?"

पण शेतात यायला तयार नाही. पुढचं संगीतानं मला जसं सांगितलं तसं सांगते. ती म्हणाली, "काकू, मी पावनी हाय. मला येळवस दाखवा."

"हितं जेव. पंखा लावते."

"पंख्याखाली येळवस असती का? मग घरी बसून केळी नसती खाल्ली?"

आईनं कोपऱ्यातली घोंगडी काखेत मारली. मग म्हणाली, "चल. पर कुनाच्या रानात मी पाय ठेवनार न्हाई, आदीच सांगते."

बालाजीनं गाडी काढली. लातूरपासून शिरूरपर्यंत दोन्ही बाजूंना शेतं माणसांनी भरलेली. आईनं कुठंच थांबू दिलं नाही. थांबवलं ते आमच्या, म्हणजे पूर्वी आमच्या असलेल्या, शेतापाशी. ती आत गेली नाही. सडकेच्या कडेला, बांधाच्या बाहेर, बाभळीखाली तिनं घोंगडी अंथरली आणि पाच खडे मांडून पूजा केली. सरकारी जागा. मग मडकं मधोमध ठेवलं.

पुढचं मी पाहिलं आहे. बालाजीनं फोनवर व्हिडिओ काढून पाठवला, आणि मी तो दुकानाच्या मागच्या खोलीत, हाताला मैदा असताना पाहिला. शेत घेतलेल्या घरची बाई बांधाच्या आत उभी राहून हाक मारते आहे, "काकू, या वो जेवायला. परक्यासारखं सडकेला काऊन बसलाव?" आई ताठ उभी. कमरेवर हात. आणि ती म्हणते, "तुमीच या. म्या मांडलंय."

दोन्हीकडून हाक गेलेली. हाक आली की जावं लागतं. कुणीच हलत नाही. मी तिथं मैद्याच्या पोत्यावर बसले होते. आईनं एकदा त्या बांधावर पाय ठेवला असता, तर ती पुन्हा कधी ताठ उभी राहिली नसती, हे मला इतक्या लांबून कळत होतं. आणि कुणीच आलं नसतं, तर ती तशीच उपाशी घरी गेली असती.

मग त्या बाईनं पदर खोचला, आपलं मडकं डोक्यावर घेतलं आणि बांध ओलांडून सडकेवर आली. "तुमी मोठ्या," ती म्हणाली. "तुमची हाक आदी." तिच्या मागं तिचा नवरा, दोन सुना, सगळे घोंगडीवर आले. आईनं सगळ्यांना वाढलं. सगळ्यांचं झाल्यावर स्वतः बसली. भज्जीत उंडा कुस्करला, वर आंबील ओतली आणि जेवली. पोटभर. मी घास मोजत नव्हते, पण डोळे पुसत होते, त्यामुळं एखादा चुकला असेल.

उठताना तिनं रीतीप्रमाणं ज्वारीच्या पातीनं आंबील शेतावर शिंपडली. बांधाच्या बाहेर उभी राहून, हात पोचेल तितकंच.

आणि मग पिशवीतून हिरवा खण काढला. मी तो ओळखला. मी येईन तेव्हासाठी तिनं पेटीत ठेवलेला. त्या बाईच्या सुनेनं तोडून आणलेले हरभऱ्याचे घाटे, गहू, खोबरं, असं सगळं संगीताच्या पदरात घालून आईनं तिची ओटी भरली. लेकीची भरतात तशी. संगीता वाकली, तिच्या पाया पडली. इथं चित्र संपतं.

मी आईला फोन केला. म्हटलं, जेवलीस म्हणे.

"हाव. लई जेवले." मग म्हणाली, "पुडल्या साली तू ये असं मी म्हनत न्हाई. तुला सुट्टी मिळत न्हाई, मला ठावं हाय. संगीता येती म्हनली."

मी म्हटलं, बरं झालं. खरंच बरं झालं. पूर्वी मला घर म्हटलं की एक रिकामी जागा दिसायची, घोंगडीवरची, माझी, कुणी तरी झटकून ठेवलेली. इतकी वर्षं मी त्या जागेच्या भरवशावर परदेशात राहिले. आता तिथं अर्धापूरची एक बाई मांडी घालून बसली आहे, आणि आई तिला आणखी वाढते आहे.