पूर्ण झालेली फाइल

माझ्या कपाटात पूर्ण झालेली फाइल क्वचितच सापडते. वर्षानुवर्षं बर्फात पहारा दिलेली माणसं, आपल्यामागे बायकोला पेन्शन मिळावी म्हणून लागणारा तिच्यासोबतचा एक फोटो काढायला तालुक्याला जायचा कंटाळा करतात. बायकोची जन्मतारीख रेकॉर्डमध्ये चुकलेली असते. ती दुरुस्त करायला दोन कागद लागतात आणि ते दोन कागद आणायला यांना तीन वर्षं लागतात. मी तोंडाची फटकळ आहे, त्यामुळे बोलते. ते ऐकून घेतात, हसतात आणि पुन्हा रिकाम्या हातानं येतात.

यवतमाळच्या एका लहानशा संस्थेत मी कंत्राटी समाजसेविका आहे. जिल्ह्यातल्या माजी सैनिकांच्या घरी जायचं, त्यांच्यातला कोण जीव द्यायच्या विचारात आहे ते वेळेत ओळखायचं आणि त्याला धरून ठेवायचं, हे माझं काम. पण 'मॅडम, मला जगावंसं वाटत नाही' असं म्हणत दारात कोणी येत नाही. लोक कागदांची कामं घेऊन येतात, म्हणून मी कागदांची कामं करते. कागद करता करता माणूस कळतो, असं मी नवीन मुलींना मोठ्या तोऱ्यात सांगायचे.

माझ्या पहिल्याच वर्षी पुसदकडच्या एका माजी सैनिकानं महिनाभरात सगळे कागद आणून दिले होते. पेन्शनचा शेवटचा आदेश मी त्यांच्या हातात ठेवला, तेव्हा त्यांनी मला पेढा दिला. दहा दिवसांनी त्यांनी जीव दिला. आम्ही त्यांच्या घरी भेटायला गेलो तेव्हा आमच्यातलंच कोणीतरी हळूच म्हणालं, 'बरं झालं, कागद तरी पूर्ण होते. बायकोची धावपळ वाचली.' मी मान हलवली होती. त्या मान हलवण्याची मला आजही लाज वाटते. पण तेव्हा मला काहीच कळलं नव्हतं.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, एका उन्हाळ्यात हे हवालदार पहिल्यांदा आले. दिग्रसजवळच्या एका तांड्यावरचे, फौजेतून निवृत्त झालेले आणि आता लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या गेटवर सुरक्षारक्षक. शर्टाला कडक इस्तरी होती. फाइलमधल्या प्रत्येक कागदावर कोपऱ्यात पेन्सिलीनं आकडा टाकलेला होता.

'मॅडम, काय काय लागते ते एकदाच सांगा,' ते म्हणाले.

मी यादी दिली. आठ दिवसांत ते सगळं घेऊन हजर. बायकोची जन्मतारीख, बँकेतलं जोडखातं, नामनिर्देशन, मुलीचं नाव, सगळं. मी इतकी खूश झाले की महिन्याच्या बैठकीत त्यांना उभं केलं आणि बाकीच्यांना म्हणाले, 'बघा जरा, शिका यांच्याकडून काहीतरी.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. हवालदार खाली फरशीकडे पाहत होते. मला वाटलं, लाजताहेत.

आमच्या फॉर्मच्या शेवटी एक प्रश्न असतो. मरण्याचा विचार येतो का, हे सरळ त्याच शब्दांत विचारायचं. प्रशिक्षणात आम्हाला पुन्हा पुन्हा सांगितलं होतं, की विचारल्यानं कोणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, उलट असलेला विचार बाहेर यायला वाट मिळते. मी हवालदारांना झोप विचारली, जेवण विचारलं, दारू विचारली. 'सब ठीक' म्हणाले. शेवटचा प्रश्न मी विचारलाच नाही. इतक्या टापटिपीच्या माणसाला हे काय विचारायचं! चौकटीत माझ्या हातानं 'नाही' लिहून टाकलं आणि फॉर्म फाइलला लावला.

दिवाळीनंतर त्यांचा सुधारित पेन्शन आदेश आला. फाइलमधला हाच शेवटचा कागद. फोन करू, बोलावू, म्हणून मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला. तिसऱ्या दिवशी दुपारी साडेबारा वाजता त्यांची बायको एकटीच ऑफिसात आली.

मी तिला याआधी दोनदा पाहिलं होतं, दोन्ही वेळा नवऱ्यामागे उभी असलेली. आज ती समोरच्या खुर्चीवर बसली, मांडीवर पिशवी, चेहऱ्यावर परीक्षा पास झालेल्या पोरीसारखा आनंद.

'मी एकटीच आली, बाई,' ती म्हणाली. 'त्यायनंच पाठवलं. म्हणे, रस्ता तुले माहीत पाह्यजे. बसस्टँडवरून ऑफिसवर कोणाले न विचारता आली.'

मी तिचं कौतुक केलं. ती आणखी खुलली. 'मले आता एटीएम येते. सही येते. गॅसचा नंबर लावता येते. त्यायनं वही करून देली. रोज संध्याकाळी पाठ करून घेतात.'

'दाखव बघू वही,' म्हणत मी दुसऱ्या हातानं ड्रॉवर उघडला. म्हटलं, आलीच आहे तर आदेश हिच्याच हाती द्यावा.

वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'चार्ज'. खाली ओळी आखलेल्या होत्या. तिला वाचायला वेळ लागतो, म्हणून ती माझ्याकडे बघत पाठच म्हणू लागली. 'पह्यल्या दिवशी भावाले फोन. तिसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीतून दाखला आनायचा, त्याच्या पाच प्रती काढाच्या. मंग बँक. मंग तुमचं ऑफिस.'

'कसला दाखला?'

'थे नाही सांगतलं. म्हणे, त्या वेळेवर समजते.'

माझा हात ड्रॉवरमध्येच राहिला. फौजेतली माणसं ठाणं सोडताना पुढच्याला चार्ज देतात. एकेक वस्तू मोजून, दाखवून, सही घेऊन. मग निघतात. इतकी वर्षं या लोकांत काढून मला हे माहीत नव्हतं असं नाही. पुसदकडच्या त्या माणसानं दिलेल्या पेढ्याची चव तोंडात आली.

'ते आज ड्यूटीवर आहेत?' मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं.

'लोहाऱ्याची नोकरी सोडली ना त्यायनं. पंधरा दिवस झाले. ड्रेस धुऊन, इस्तरी करून वापस देऊन आले.' मग ती आणखी आनंदानं म्हणाली, 'आज मले पोरीकडे राहाले सांगतलं हाये. इथं नर्सिंगले हाये ना पोरगी. म्हणे, राह्य एक दिवस, उद्या आरामानं ये.'

'घरी कोण आहे मग?'

'कोनीच नाही. ते एकलेच.'

मी ड्रॉवर बंद केला. आदेश आतच होता. तिला म्हणाले, कागदात एक चूक निघाली आहे, त्यांची सही लागेल, आपण दोघी आत्ताच दिग्रसला जाऊ. तिच्या दिराचा नंबर मागून घेतला. मग पाणी पिते म्हणून मागच्या खोलीत गेले, दार लावलं आणि हवालदारांना फोन लावला. बराच वेळ वाजला. मी देवाचं फारसं करत नाही, पण त्या वेळी केलं.

'हवालदारसाहेब, तुमच्या आदेशात चूक निघाली आहे. तुमच्या सहीशिवाय पुढं जात नाही. मी स्वतः येतेय, तुमच्या मिसेस सोबत आहेत. चारपर्यंत पोचतो. घरीच थांबा.'

तिकडं घराबाहेर कुठंतरी बकरी ओरडत होती, तेवढंच ऐकू येत होतं.

'थांबता ना?'

'या,' ते म्हणाले.

मग दिराला फोन केला. त्याला सांगितलं, 'भावाच्या घरी जा, चहा मागा आणि मी येईपर्यंत उठू नका. काहून म्हणून विचारू नका.' त्यानं विचारलंच. 'तुमचा भाऊ जिवंत पाहिजे ना, मग जा,' असं मी तोडून बोलले. इतकं उघड बोलायला नको होतं, पण तो पळत गेला असणार.

दारव्ह्यावरून दिग्रसला जाणारी बस पकडली. लोहारा लागलं तेव्हा बायकोनं खिडकीतून बोट दाखवलं, 'थे पाहा, त्यायचं गेट.' गेटवर दुसरा कोणी उभा होता. ती वाटेत बोलत राहिली, पोरीचं लग्न, ओटा बांधायचा आहे, पुढच्या वर्षी दोघांनी फिरायला जायचं ठरवलंय. मी हं हं करत होते आणि दर वीस मिनिटांनी दिराला फोन करत होते. 'हाव, बसला आहो. चहा झाला.' पुन्हा, 'बसला आहो. हा काही बोलून नाही राह्यला.' दिग्रसला जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि बस हलेना. मी कंडक्टरवर खेकसले. तो बिचारा म्हणाला, 'मी काय उडवू काय गाडी, मॅडम?' आम्ही तिथंच उतरलो आणि ऑटो केला.

हवालदार अंगणात बाजेवर बसले होते. दाढी केलेली, धुतलेला शर्ट. घर इतकं आवरलेलं होतं की मला आत बघवेना. शेजारी दीर रिकामा कप धरून बसला होता.

'सही कुठं करू, मॅडम?'

वाटभर मी किती तरी गोड वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. 'हवालदारसाहेब, आज तुम्ही मरायचं ठरवलं होतं का?'

बायको माझ्याकडे बघायला लागली, मी काहीतरी घाण बोलल्यासारखं. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. ते गोरबोलीत, त्यांच्या तांड्याच्या बोलीत, तिला दोन-तीन शब्द बोलले. ते मला कळले नाहीत. ती खाली मातीतच बसली.

'हो,' हवालदार मला म्हणाले.

पुढचं ते तुकड्यातुकड्यानं बोलले. झोप जाऊन दोन वर्षं झाली होती. 'तिकडं माह्यावाचून अडत होतं, मॅडम. एक माणूस हटला तं पोस्ट रिकामी. इकडं आलो तं कोनाचंच अडत नाही. म्हनून म्हटलं, एवढंच पाहू. गेल्यावर हिचं काही अडलं नाही पाह्यजे.'

'माझं अडलंय ना,' मी म्हणाले. 'तुमचा कागद चुकलाय.'

अंधार पडायच्या आत आम्ही त्यांना गाडीत बसवलं आणि रात्रीच यवतमाळला सरकारी दवाखान्यात आणलं, मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे. दवाखान्यात ते अकरा दिवस होते. फवारणीची औषधं दिराच्या घरी कुलपात गेली, किल्ली बायकोच्या गळ्यात. पलटणीतला एक जुना दोस्त रोज संध्याकाळी फोन करून त्यांची हजेरी घ्यायला लागला. दर मंगळवारी त्यांनी माझ्या ऑफिसात यायचं ठरलं. आणि दर मंगळवारी जाताना ते विचारायचे, 'कागद आला का?'

'नाही हो. रेकॉर्ड ऑफिसात अडकलाय.' पुढच्या मंगळवारी, 'तिथले बाबू रजेवर आहेत.' मग, 'आता नवीन साहेब आलेत, ते पुन्हा तपासणार.' आमच्या साहेबांना हे कळलं तेव्हा ते चिडले. दुसऱ्याचा सरकारी कागद दाबून ठेवणं म्हणजे गुन्हा, तुमचं कंत्राट जाईल, म्हणाले. त्यांचं चूक नव्हतं. मी त्यांना एवढंच म्हणाले, की हा कागद मिळाला की हा माणूस मोकळा होतो, आणि मला तो मोकळा व्हायला नकोय. त्यांनी विषय सोडला, पण माझ्याशी महिनाभर नीट बोलले नाहीत. मंगळवारी पावणेअकरापर्यंत हवालदार दिसले नाहीत, की मला ऑफिसात बसवत नसे. मी फाटकापर्यंत दोनदा जाऊन यायचे.

असे सहा महिने गेले. ऊन पुन्हा तापलं. एका मंगळवारी ते आले, बसले आणि खिशातून रजिस्ट्रीचा लिफाफा काढून माझ्यासमोर ठेवला. आत तोच आदेश होता, त्यांची प्रत. लिफाफ्यावरचा शिक्का माझ्या प्रतीच्याच आठवड्यातला.

'तुम्ही फोन केला तवा मांडीवरच होता,' ते म्हणाले. 'आदल्या दिवशी आलता. तुम्ही चूक म्हटली म्हनून दोन वेळा वाचला. चूक काही नव्हती. मंग समजलं, की मॅडमले समजलं.'

'मग दर मंगळवारी मला कशाला विचारत होतात?'

'तुम्ही काय सांगता ते पाहाले.' ते किंचित हसले, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. 'मंगळवार आला की मनात येये, आता बस झालं. मंग म्हनो, बाई माह्यासाठी इतकं खोटं बोलून राह्यली, आज काय सांगते ते आयकून येऊ.'

मी हसले आणि मग मला रडू आलं. डोळे पुसून मी ड्रॉवर उघडला, माझ्याकडची प्रत काढली आणि त्यांच्या प्रतीवर ठेवली. फाइल आता खरोखर पूर्ण झाली होती आणि त्यांना अडवून ठेवायला माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं.

मी कोरा फॉर्म काढला आणि शेवटच्या प्रश्नावर बोट ठेवून तो मोठ्यानं वाचला. मरण्याचा विचार येतो का?

ते स्वतःच्या आत कुठं तरी जाऊन, नीट पाहून आले.

'आज नाही,' ते म्हणाले.

त्या चौकटीत पहिल्यांदा त्यांचं स्वतःचं उत्तर लिहिलं गेलं.

'आणि पुढच्या मंगळवारी?' मी विचारलं.

'मंगळवारचं मंगळवारी विचारा.'

ते उठले आणि उन्हात निघून गेले. मी फाइल कपाटात ठेवली नाही, टेबलावरच राहू दिली.