झोपल्याशिवाय किल्ली नाही

झोप न येणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त छळतात ती झोप येणारी माणसं. आमच्या घरात असा एक नमुना आहे, माझा नवरा. अंबडला कारखान्यात कामाला. जेवण झालं की बनियनवर आडवा होतो, "लाईट बंद कर गं" म्हणतो आणि मी बटणापर्यंत पोचायच्या आत घोरायला लागतो. वर सकाळी मलाच विचारतो, "तुला झोप कशी येत नाही? डोळे मिटायचे, झालं." हे ऐकून त्याच्या तोंडावर उशी दाबावी असं मला बऱ्याचदा वाटलेलं आहे. दाबली नाही, एवढंच.

मी शाळेची व्हॅन चालवते. पंचवटीतल्या गल्लीबोळांतून बारा मुलं गोळा करायची, शाळेत सोडायची, दुपारी ज्याची त्याला घरी पोचवायची. तेरावी माझी मुलगी, दुसरीतली. त्यासाठी पहाटे पाचला उठावं लागतं, आणि पाचला उठायचंय या धास्तीनेच माझी झोप उडाली. आधी बारा वाजायचे, मग दोन, मग चार. पडल्या पडल्या मी मुलं मोजायचे. कोपऱ्यावरची दोन, देवळामागची तीन, भाजीबाजाराजवळची जुळी. बारा पुरी झाली की वाटायचं, एक राहिलंच. मग पुन्हा पहिल्यापासून.

उपाय सांगणाऱ्यांना तोटा नव्हता. बहीण फोनवर म्हणाली, दुधात जायफळ उगाळून घे. घेतलं, आणि रात्रभर जायफळाचे ढेकर दिले. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव म्हणाली. आमच्याकडे दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघर, तिथे सासूबाई झोपतात. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिका बाई विहारात ध्यानाला जातात, त्यांनी जिन्यात थांबवून शिकवलं, "श्वास मोजायचा नाही, अडवायचा नाही, नुसता बघायचा." मी तासभर बघितला. मग मला त्या श्वासाचाच राग यायला लागला. शेवटी दवाखाना. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. जसं काही मी ते बाजारातून पिशवी भरून आणत होते. गोळी लिहून देतो म्हणाले, पण सकाळी गाडी चालवायची नाही. मी उठून आले.

सासूबाईंना यातलं मी काही कळू दिलं नव्हतं. त्या घोटीकडच्या खेड्यातल्या. दीर तिकडे भातशेती बघतो, त्या आमच्याकडे असतात. मी त्यांना आई म्हणते, कारण म्हणावं लागतं. व्हॅन घेतली तेव्हा त्यांनी दोन दिवस अबोला धरला होता आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या होत्या, "घरातलं धड व्हत नाय, आन् लोकांची पोरं घेऊन फिरायची." तेव्हा मला झोप येत नाही हे त्यांना सांगणं म्हणजे आपल्या हाताने आपला कान त्यांच्या हातात देणं. ती व्हॅन माझी होती. त्या घरात बाकी काहीच माझं नव्हतं.

मग ते झालं. दुपारची वेळ, गाडीत मुलं, पंचवटीतला उताराचा सिग्नल. लाल दिवा होता, माझा पाय ब्रेकवर होता, एवढं मला आठवतं. पुढचं आठवतं ते मुलांचं ओरडणं आणि धडाम्. पाय सैल पडला होता, गाडी घरंगळत जाऊन मेथीच्या हातगाडीवर टेकली होती. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. जुड्या रस्ताभर झाल्या. भाजीवाला खिडकीशी आला, शिव्या द्यायलाच आला होता, पण माझ्या तोंडाकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "ताई, झोपल्या व्हत्या का?" मी म्हटलं, "ब्रेक लागला नाही." मुलांनाही तेच सांगितलं. गाडीतून खाली उतरून मी जुड्या गोळा केल्या. समोरून एखादी बाई रस्ता ओलांडत असती तर? माझ्या मागच्या सीटवर माझी मुलगी होती.

मुलीने घरी जाऊन आजीला सगळं सांगितलं. "आरशात मम्मीचे डोळे मिटलेले दिसले," हेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी पहाटे खिळ्यावर किल्ली नव्हती. मी पर्स पालथी केली, कपाट उपसलं, नवऱ्याच्या पँटचे खिसे बघितले. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसल्या होत्या, पहारा दिल्यासारख्या.

"किल्ली कुठंय?"

"रात्री झोपली व्हतीस?"

"हो."

"खोटं. चारला पाणी प्यायला उठलीस. झोपल्याबिगर किल्ली नाय."

मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना अगं-तुगं केलं. मुलं कोपऱ्यावर उभी होती, फोनवर फोन येत होते आणि ही म्हातारी पाटावर ढिम्म. नवरा उठून आला, दोघींकडे बघितलं आणि दात घासायला निघून गेला. शेवटी मी पालकांच्या ग्रुपवर "गाडी बिघडली आहे" असं टाकलं. त्या क्षणी मला त्या बाईचा जितका तिरस्कार वाटला तितका मी कोणाचाच केलेला नाही. लाजेनेही वाटला असेल, पण तेव्हा तसं कळलं नाही.

त्या रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी आपल्या ट्रंकेतून काशाची वाटी काढली, चमचाभर तूप घेतलं आणि माझ्या अंथरुणाच्या पायथ्याशी बसल्या.

"पाय दे."

मी पाय आखडून घेतले. सासूने सुनेच्या पायाला हात लावायचा? आमच्याकडे चुकून मोठ्याचा पाय लागला तरी धाकटाच नमस्कार करतो. "मला पाप लावायचंय का तुम्हाला?" मी म्हटलं.

"पापाचं बघू मागून. तुझ्यासाठी नाय करत. माझी नात बसती त्या गाडीत."

आणि त्यांनी माझा घोटा धरून ओढला. पुढे अर्धा तास त्या माझ्या तळव्यावर वाटी घासत होत्या. हळुवार वगैरे काही नाही, करपलेलं पातेलं घासावं तसं. तळवे काळे झाले, तुपाचं काजळ झालं. "बघ, किती जळफळाट हाय आंगात," त्या म्हणाल्या. आणि मग तोंड सुरू झालं. माझी आमटी पाणचट. माझ्या आईने मला वळण लावलं नाही. लग्नात माझ्या माहेरून आलेल्या साड्या विटक्या होत्या. मी एकेकाला मनातल्या मनात उत्तर देत होते, साड्यांच्या उत्तराशी पोचले होते, आणि त्यानंतर त्या काय म्हणाल्या ते मला आजतागायत माहीत नाही. मला झोप लागली होती.

पाचला डोळे उघडले तर किल्ली उशीपाशी. "साडेधाला झोपलीस," स्वयंपाकघरातून आवाज आला. "घोरत व्हतीस."

तेव्हापासून हाच नेम झाला. रात्री वाटी, तूप आणि शिव्या, सकाळी किल्ली. त्या कधी मऊ बोलल्या नाहीत, मी कधी बरं वाटलं म्हणून सांगितलं नाही. एकदा मला झोप येत नव्हती, तर मी श्वास लांब करून पडून राहिले. त्यांनी वाटी ठेवली, थोडा वेळ थांबल्या आणि बोटाने माझा तळवा खाजवला. अंगठा हलला. दुसऱ्या दिवशी खिळा रिकामा, आणि मी ग्रुपवर पुन्हा गाडी बिघडवली. किल्ली त्या कुठे लपवत ते मला फार दिवसांनी कळलं. तांदळाच्या डब्यात. तो डबा मी कधी उघडतच नाही, कारण भात त्याच करतात. माझा भात गिळगिळीत होतो म्हणे.

यंदा आवणीला त्या गावी गेल्या. भाताची रोपं लावायची आठ दिवसांची घाई असते आणि दिराला माणसं मिळत नव्हती. जाताना किल्ली त्यांनी माझ्यादेखत खिळ्याला अडकवली. "आता तुझं तू," म्हणाल्या. मला वाटलं, सुटले. आठ दिवस घरात टोमणा नाही, पाटावरचा पहारा नाही.

पहिल्याच रात्री मी नवऱ्याला वाटी दिली. चार वेळा घासून तो वाटी हातात धरून बसल्या बसल्या झोपला. ती काढून घेतली आणि माझे मीच तळवे घासले. तूप तेच, वाटी तीच. पण आपल्याला आपणच काय बोलणार? साड्यांचा विषय मी मनात काढून बघितला, पण तो माझ्या तोंडून रंगेना. बारा वाजले, दोन वाजले. मी मुलं मोजली. एक राहिलंच. साडेचारला मी उठून बसले आणि रागाने रडले. त्या बाईने मला एवढंही माझ्या पायावर उभं ठेवलं नव्हतं.

पाच वाजता खिळ्यावर किल्ली होती. विचारणारं कोणी नव्हतं. याहून वाईट रात्रींनंतर मी गाडी काढली होती, एकदा नाही, अनेकदा. सगळं आवरून सहाला मी किल्ली हातात घेतली, चपला घातल्या. मुलगी दप्तर अडकवून दारात उभी होती. ती माझ्या डोळ्यांकडे बघत होती.

मी चपला काढल्या. स्वयंपाकघरात गेले, तांदळाचा डबा उघडला, किल्ली तळाशी खुपसली आणि झाकण लावलं. मग ग्रुपवर लिहिलं, "आज गाडी येणार नाही. माझी रात्रभर झोप झालेली नाही." बिघाड लिहायला अंगठा वळत होता, पण नाही लिहिला. लगेच एकीचं आलं, मग आम्ही मुलांना कसं पोचवायचं? दुसरीने विचारलं, असं नेहमी होतं का? व्हॅन हातची गेली तर जाईल, असं मनाशी म्हटलं आणि फोन पालथा ठेवला.

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई. मागे बायकांचा गलका, कोणीतरी खाचरात पाणी अडवायला सांगत होतं.

"झोपली व्हतीस का?"

इतक्या दिवसांत या प्रश्नाला मी एकदाही खरं उत्तर दिलं नव्हतं. "नाही," मी म्हटलं.

"गाडी?"

"नाही काढली. किल्ली तांदळाच्या डब्यात आहे."

त्यांनी तिकडे कोणालातरी ओरडून सांगितलं, रोपांची जुडी तिकडं ठेव, मला निघायचंय.

"आवणी बुडवलीस माझी," त्या मला म्हणाल्या. "दुपारच्या गाडीनं येते. पाय धुऊन ठेव."