एक जूनचे गुरुजी

माझा जन्म कागदावर एक जूनचा. माझ्या भावाचा एक जूनचा, शेजारच्या गणपतचाही. देवबागच्या अंगाला, खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये आमची वाडी आहे. तिथली निम्मी पोरं एक जूनला जन्मलेली, आणि या सगळ्यांना जन्माला घालणारा माणूस एकच: आमच्या शाळेचे हरिश्चंद्र गुरुजी. पोराचं नाव शाळेत घालायला आलेली आई सांगायची, "नारळी पुनवेच्या आदल्या दिसा झालो." कोणत्या वर्षी, ते तिलाही धड ठाऊक नसायचं. गुरुजी पोराच्या उंचीकडे बघायचे, बोटांवर काहीतरी मोजायचे आणि एक जून टाकून मोकळे व्हायचे. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. नावाप्रमाणेच माणूस, असा त्यांचा लौकिक होता. गुरुजींनी सांगितलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

१९९३ च्या जूनमध्ये सुभद्रा आपल्या वर्षालीला घेऊन त्यांच्याकडे आली. सुभद्रा मासळीची पाटी घेऊन कुडाळच्या बाजारात जायची, नवरा दुसऱ्याच्या ट्रॉलरवर. आदल्याच दिवशी पोरीला कोणीतरी खाडीतून केसाला धरून बाहेर काढलं होतं.

"गुरुजी, ह्या चेडवाक शाळेत घेवा. घराच्या दोनय बाजूक पाणी. बाजारात माजो जीव रवणा नाय."

"पाच वर्सां पुरी होवक होयी गो."

"म्हाशिवरात्रीक चार झाली. सगळो गाव कुणकेश्वराच्या जत्रेक गेल्लो, सुईणसुद्धा गावली नाय."

गुरुजींनी पोरीकडे पाहिलं. तिच्या कानामागे अजून खाडीचा चिखल होता. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं, एक जून १९८८. पोर जन्मली होती १९८९ च्या मार्चात. म्हणजे आईच्या पोटात काढलेले नऊ महिनेही गुरुजींनी तिच्या वयात धरले. पुढे गाव हे हसून सांगायचं. आता कोणी सांगत नाही.

वर्षाली मालवणला सुशांत सरांकडे ज्यूदो शिकायला लागली तेव्हा सातवीत होती. सर सैन्यातून निवृत्त झालेले, पोरांना फुकट शिकवायचे. त्यांनी तिचे हात बघितले आणि विचारलं, "काय काम करतेस?" ती म्हणाली, "रापण ओढतंय." किनाऱ्यावरून समुद्रात टाकलेलं ते लांबलचक जाळं वीस-पंचवीस माणसं दोरीला लागून ओढतात, तेव्हा कुठे मासळी वाळूवर येते. लहानपणापासून दोरी धरलेली ती पोर, ज्यूदोच्या अंगरख्याची कॉलर तिने एकदा मुठीत घेतली की समोरचीला सोडवता येत नसे. कागदावर थोरली असल्याने ती नेहमी थोरल्या मुलींत खेळली आणि तरीही जिंकली. तालुका, जिल्हा, राज्य झालं. २००८ मध्ये तिची परदेशातल्या आंतरराष्ट्रीय ज्युनियर स्पर्धेसाठी निवड झाली. नाक्यावर तिच्या फोटोचा फलक लागला. आमच्या वाडीतलं कोणी विमानात बसलेलं नव्हतं.

आणि तिचे कागद परत आले. स्पर्धेला एक जानेवारी १९८९ नंतर जन्मलेल्यांनाच घेणार होते. वर्षाली सात महिन्यांनी बाद. ग्रामपंचायतीत तिच्या जन्माची नोंदच नव्हती. जे काही होतं ते गुरुजींच्या अक्षरात होतं.

गुरुजी निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. वर्षाली त्यांच्या घरापुढच्या खळ्यात जाऊन उभी राहिली. मी तिथेच होतो, गुरुजींना पेपर वाचून दाखवायला रोज जायचो.

"गुरुजी, माजी आवस सांगता तां खरां, काय तुमी लिवलात तां खरां?"

"आवस सांगता तां."

"मगे खोटा कित्याक लिवलात?"

"तू बुडशीत म्हणान."

ती तशीच माघारी गेली. शाळेत घातल्यावर पुढच्याच उन्हाळ्यात ती पोहायला शिकली होती. मला गुरुजींचा भयंकर राग आला. खोटं सांगत नाही, थोडा अजून आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सोबत घेतलं आणि आम्ही एसटीने शिक्षण खात्याच्या कचेरीत गेलो. तिथे बसून त्यांनी स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला, की ही तारीख मी जाणूनबुजून खोटी लिहिली. साहेब भला माणूस होता. त्याने अर्ज दोनदा वाचला.

"गुरुजी, यावर चौकशी लागेल. पेन्शन अडू शकते."

"अडू दे."

"बरं, मुलीच्या खऱ्या तारखेला पुरावा काय?"

"मी सांगतोय ना."

साहेबाने मान खाली घातली. "तुम्हीच लिहून देताय की तुम्ही खोटं लिहिलंत. मग आज लिहिलेलं खरं कशावरून धरू?"

गुरुजींनी पेनाला टोपण लावायचा प्रयत्न केला. ते काही बसेना, शेवटी मी लावलं. अर्ज वर गेला. उत्तर यायच्या आधी संघ निघून गेला.

वर्षालीच्या वजनगटाच्या लढती ज्या दिवशी होत्या, त्या सकाळी ती रापणीच्या दोरीला लागली होती. गुरुजी किनाऱ्यावर आले, धोतर खोचलं आणि तिच्या मागे दोरी धरली. साठी ओलांडलेला माणूस, वाळूत दोनदा पडला. तिने मागे वळून पाहिलं नाही. आमच्याकडे दोरीला हात लावील त्याला मासळीचा वाटा मिळतो, मग तो पाहुणा असो की भिकारी. गुरुजींचा वाटा मांडला गेला. ते तो न घेताच घरी गेले.

त्यानंतर त्यांनी एक नवंच काम धरलं. कोणाच्या घरी पोर झालं की बारशाच्या आधी गुरुजी हजर. तारीख आणि वेळ विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यायचे, पोराच्या बापाला हाताला धरून ग्रामपंचायतीत न्यायचे आणि दाखला हातात पडल्याशिवाय उठायचे नाहीत. "गुरुजी इले, आता पोर खरोखर जन्माक इला," असं लोक चेष्टेने म्हणायचे. तेही हसायचे, पण थांबले नाहीत. चौकशीचं पुढे काही झालं नाही. झाली असती तर त्यांना बरं वाटलं असतं, असं मला वाटतं.

२०१० साली वर्षालीच्या भावाला, नितेशला, मुलगी झाली. दवाखान्याची गाडी यायच्या आधी बाळंतपण घरातच उरकलं. गुरुजी दोन दिवस त्या घराच्या वाटेपर्यंत जाऊन परत येत होते. वर्षाली त्यांच्याशी दोन वर्षं बोलली नव्हती. तिसऱ्या दिवशी मीच त्यांना घेऊन गेलो. वर्षाली बाळाला मांडीवर घेऊन ओसरीवर बसली होती. ओसरीच्या कडेला बसून गुरुजींनी खिशातून चिठ्ठी काढली आणि खाली बघतच विचारलं, "कधी झालां?"

"मंगळवारी. सकाळी सहा वाजान धा मिन्टांनी."

"तारीख?"

"एक जून."

गुरुजींच्या हातातून चिठ्ठी खाली पडली. कॅलेंडर समोरच्या भिंतीवर होतं, मंगळवारी खरोखरच एक तारीख होती. त्यांचे डोळे भरून आले. "माज्या हातान ही तारीख नको गो. कोण विश्वास ठेवचो नाय."

वर्षाली उठली, बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि पडलेली चिठ्ठी उचलून त्यांच्या हातात दिली.

"माजो आसा विश्वास. लिवा."