कार्डातलं जादा भोक

गावोगावच्या ग्रामपंचायतींचे रेडिओ दुरुस्तीला अमरावतीच्या आमच्या सरकारी वर्कशॉपात येत. धारणीकडचे तर एसटीच्या टपावरून आदळत येत. साठ सालानंतर तिथं रेडिओतले काचेचे व्हॉल्व्ह तपासायचं नवं यंत्र आलं. प्रत्येक जातीच्या व्हॉल्व्हसाठी भोकं पाडलेलं वेगळं कार्ड. कार्ड खाचेत सरकवलं की यंत्र आपली जुळणी आपणच करी आणि काटा हिरव्यावर नाहीतर लालवर जाई. अकोल्याहून डिप्लोमा घेऊन आलेला मी ते चालवायचो, आणि मला त्याचा भारी माज होता.

आमचे मिस्त्री शाळेत न गेलेले. काचेवर टिचकी मारून, सेट वाजवून ते व्हॉल्व्हची पारख करत. त्यांनी बसवलेले आवाजाचे, म्हणजे स्पीकर वाजवणारे, व्हॉल्व्ह यंत्रानं एकजात लाल ठरवले. साहेबांनी ताडकन निकाल दिला: मिस्त्री चांगला माल बाजारात विकतो आणि सेटात कचरा भरतो.

"सेट वाजवून दाखवतो ना," मिस्त्री म्हणाले. "कान तं तुमालेबी हायेत, साहेब."

साहेबांनी सेट लावूच दिला नाही. यंत्र विलायती, मिस्त्री वलगावचे. खरं कोणाचं हे आधीच ठरलेलं. चोरीचा ठपका ठेवून त्यांना काढलं. मी बाजूला गप्प उभा होतो.

महिन्याभरानं मी कार्डं यंत्राच्या पुस्तकातल्या चित्रांशी ताडून पाहिली आणि माझं डोकंच फिरलं. आमच्या कारकुनानं सगळ्या कार्डांना कडेला भोक पाडून, लेस ओवून त्यांची रीतसर फाईल केली होती. ती लेस मी रोज सोडत होतो, बांधत होतो. बाकी कार्डांत त्या जागी भोक मुळातच होतं. आवाजाच्या व्हॉल्व्हच्या कार्डात नव्हतं; तिथं लेसचं भोक जादा पडलं आणि यंत्राची जुळणीच चुकली. मी ते जाड कागद चिकटवून बुजवलं. तेच व्हॉल्व्ह लावले. सगळे हिरवे.

कारकून म्हणाला, "सुटे कागद ठेवायचे नसतात." साहेब म्हणाले, "अहवाल वर गेला. आता उकरू नका." एका माणसाच्या अब्रूपेक्षा यांना फाईल मोठी. आजही आठवलं की संताप होतो.

तणतणत मी मिस्त्रींच्या घरी गेलो, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मशीनचं जाऊ द्या," ते म्हणाले. "साहेबानं नाही ऐकलं. पन तुमी तं ऐकला होता ना तो सेट?"

ऐकला होता. साहेबांनी निकाल दिला त्याच्या आदल्याच दुपारी, खणखणीत वाजताना.