मी बुजवलेली भोकं

श्रावण मिस्त्री वारल्याची बातमी आर्वीच्या मोटारीच्या कंडक्टरनं माझ्या दुकानात आणली. माझ्या हातात कुणाचा तरी सदरा होता. ‘बरं’ म्हणालो आणि मशीन चालवत राहिलो. बाही उलटी लागली तेव्हा कळलं, आपण रडतोय. महिना झाला त्याला. एक गोष्ट सहा वर्षं पोटात ठेवली होती, ती आता सांगून टाकतो.

तेव्हा वर्ध्याबाहेरच्या माळावर लढाईतून उरलेलं एक जुनं, दोन माणसांचं विमान असायचं. पंख म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणून शिवलेलं कापड. श्रावण तिथला मिस्त्री. पंखांचं कापड बदलायचं म्हणून त्यानं माझ्यासारख्या शिंप्याला कामावर लावलं. नवं कापड चढलं, रोगण वाळलं, आणि हा बाबा पंखांच्या खालच्या बाजूला, मागच्या कडेशी, मिऱ्याएवढी भोकं पाडायला बसला! माझा जीव तिळतिळ तुटला.

“अबे, छत्रीले कोणी भोकं पाडते का?”

“आत पाणी जमते, नामदेवा. त्याले निंघाले रस्ता पाह्यजे. नाई तं पंख जड होते, लाकूड सडते.”

मला काही पटलं नाही. पाणी जिथून बाहेर जाईल तिथूनच आत येणार की! तो जेवायला गेला आणि मी शहाण्यानं एकेका भोकावर नखाएवढं ठिगळ चिकटवून वरून रोगणाचा हात फिरवला. दुसऱ्या दिवसापासून श्रावण तापानं पडला आणि पावसानं चार दिवस झोडपलं. विमान माळावर उघड्यावरच होतं, वरच्या सांध्यांतून पाणी झिरपत होतं.

पाचव्या दिवशी ऊन पडलं. विमान उडवणाऱ्या कॅप्टनसाहेबांना नागपूरला जायची घाई. इंजिन सुरू झालं. श्रावण तसाच अशक्त अंगानं आला आणि सवयीनं पंखाचं टोक उचलून पाहिलं... उचलेना. आत भरल्या पखालीसारखं पाणी डुचमळत होतं. तो हात हलवून ओरडायला लागला. इंजिनाच्या आवाजात साहेबांना काय ऐकू येणार! ते वरून “हट जा! छोड!” म्हणून गरजत होते. विमान सरकलं तसा श्रावण पंखाला लोंबकळला आणि दहा पावलं फरपटत गेला. हे विमान वर गेलं तर साहेब जिवंत उतरत नाहीत, आणि ते कुणामुळे, हे मला एकट्याला ठाऊक होतं. ओरडायला हवं होतं मी.

शेवटी साहेबांनी इंजिन बंद केलं. श्रावणनं खिशातला टोच्या पंखाच्या खालून खुपसला, तशी बदाबदा धार लागली. साहेबांचा चेहरा पांढराफटक.

“ये किसका काम है?”

श्रावणनं एका ठिगळावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. माझं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं, ते त्याला माहीत होतं.

“मेरे से रह गया, साब.”

त्याच दिवशी त्याला कामावरून काढलं. मी राहिलो.

मग तो आर्वीला सायकली दुरुस्त करू लागला. महिन्या-दोन महिन्यांनी सामान न्यायला वर्ध्याला आला की दुकानात येऊन स्टुलावर बसायचा, चहा प्यायचा. उठताना विचारायचा, “अजून काही?” मी म्हणायचो, “काही नाई बा.” सहा वर्षं!

तेरवीला गेलो. श्रावणच्या बायकोपुढे, कौसल्यावहिनींपुढे बसलो आणि एकदाचं सगळं ओकलो. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही त्यांचा.

“मले ठाऊक हाय, भाऊजी. तुमच्याकडून आले का हे दरखेपी मले सांगत... ‘आज बी नाई बोलला.’”

मी परत येऊन दुकान उघडलं. एका गिऱ्हाइकानं सहज म्हणून त्या स्टुलावर कापडाचं गाठोडं ठेवलं, तर मी त्याच्यावर असा ओरडलो की रस्त्यावरची माणसं थांबली.